आमच्याकडची ॲसिडिटी

५ नोव्हें. ९८
दादा आयसीयूतून बाहेर. वय सत्तेचाळीस. रबाळ्याला, कारखान्यातच कोसळला. भेटायला येईल त्याला वहिनी सांगते, ॲसिडिटी. ॲसिडिटीसाठी आयसीयू. कोणी विचारत नाही. सोसायटीवाले शहाळं ठेवतात, ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणतात, सुटतात.

७ नोव्हें.
डॉक्टर बरे निघाले. म्हणाले, नुसती चरबी नव्हे. रक्तवाहिनीला आतून सूज असते, सुजलेली जागा फुटते, तिथं रक्त गोठतं.
“वडील कशाने गेले?”
“हार्टनेच. पंचेचाळिशीत.”
“मग घराण्यात आहे. तुमचं रक्त तपासा. यांच्या मुलीचंही.”
वहिनीला सांगितलं. तिने खोबरं फेकलं, करडईचं तेल आणलं. रक्ताचं नाव नाही.

१२ नोव्हें.
कारण कळलं. रविवारी अशूला बघायला नेरूळचे लोक येणार.
“भावोजी, हार्टचं काढू नका हं. पोरगी घरात राहील.”
पत्रिका मात्र जुळवून झाली. मंगळ बघतात, आजोबा बघत नाहीत.
दादा अंथरुणातून: “तू कॉलेजात शिकव. इथे गप्प बस.”
बसेन.

१५ नोव्हें.
पोहे. खोबऱ्याशिवाय. मुलाच्या वडिलांनी दादाला विचारलंच, “तुमचे वडील लवकर गेले म्हणे?”
वहिनी मध्येच: “ॲसिडिटी. फार जुनी.”
गृहस्थ खुलले. “अहो, आमचे थोरले बंधूही त्यातच! चाळिशीत. आमच्याकडे सगळ्यांनाच ॲसिडिटी.”
दोन्ही घरं एकमेकांकडे मायेने बघत राहिली. मुलगा पोहे खात होता. दाराशी अशू. ती माझ्याकडे बघत होती.

१६ नोव्हें.
अशू कॉलेजच्या गेटवर.
“काका, आजोबांना काय झालं होतं?”
सांगितलं. दादाचं, आणि त्या थोरल्या बंधूंचं काय असावं, तेही.
रडली नाही. “म्हणजे मला मूल झालं तर दोन्हीकडून.”
“आधी तुझं रक्त तपासू.”
“तुमचं तपासलंत?”
उद्या सकाळी दोघांनी लॅबवर जायचं. उपाशी पोटी.

१७ नोव्हें.
नेरूळहून होकार. वहिनीने सकाळीच फोन करून कळवलं. अशूने तिला अजून काही सांगितलेलं नाही.
लॅबवर अशू माझ्याआधी. तिचं रक्त घेतलं. मग माझं नाव पुकारलं. म्हणालो, चहाबिस्किटं खाऊन आलोय, विसरलोच, पुन्हा येईन.
विसरलो नव्हतो.
अशूने हातावरचा कापूस दाबून धरत माझ्याकडे पाहिलं. मी वहिनीकडे पाहतो, तसं.