निळ्या गाडीच्या आतला जोड

दादा, ती निळी गाडी, धरणावरची जेट-स्की, परत आली. तुम्ही तिला पाण्यातली फटफटी म्हणायचा. जिच्यावर बूड टेकायला जागाच नाही, उभ्यानंच चालवायची, ती कसली गाडी, असं म्हणून हसायचा. पैठणच्या त्याच मालकांची आहे. धरणाचं पाणी उतरलं की खडक वर येतात, हे त्यांना बारा वर्षांत काही उमगलेलं नाही. या खेपेला तळाला, मागच्या बाजूनं हातभर तडा गेलाय. टेम्पोतून उतरवून लाकडी घोडीवर पालथी ठेवली आणि मी आधी तुमचं नाणं शोधलं. ते अजून हार्डनरच्या बाटल्यांमागं, त्याच डबीत असतं.

आपली फायबरच्या कामाची शेड अजून चिकलठाण्यातच आहे. उन्हाळ्याआधी कूलरच्या बॉड्या, एरवी दारं, टाक्या, आणि वर्षातून दोनतीनदा धरणावरची एखादी होडी. तुम्ही शिकवलेलं काम चालू आहे, तुमच्या पद्धतीनंच. फायबरवर रुपयाचं नाणं वाजवत जायचं. खणखण येतंय तोवर पुढं सरकायचं आणि आवाज बद्द झाला की थांबायचं. तुमची आई कन्नडच्या बाजारात मडकं असंच वाजवून घ्यायची, हे तुम्ही मला किती वेळा सांगितलं असेल. बद्द जागेभोवती लाल पेन्सिलनं रेघ मारायची. तेवढा भाग खरवडून काढायचा, घासून पुसून झाल्यावर ती रेघ पुन्हा काढायची, आणि रेझिनमध्ये भिजवलेली काचेच्या धाग्यांची मॅट रेघेच्या चार बोटं बाहेरपर्यंत न्यायची. तुकड्याचे कोपरे गोल कापायचे, कारण कोपरा ठेवला की तिथूनच उकलतं. आणि तडा बाहेरून दिसला तरी आधी आतून बांधायचा. ‘बाहेरून लोकांसाठी, आतून पाण्यासाठी,’ असं तुम्ही म्हणायचा. मी हे आता कामावरच्या माणसांना ऐकवते, जणू माझंच आहे.

बारा वर्षांपूर्वी हीच गाडी आली तेव्हा तडा पुढच्या बाजूला होता. दिवाळीच्या सुट्ट्या तोंडावर, मालक सकाळीच येऊन बसलेले, मेकॅनिकनं इंजिन काढून ठेवलेलं. डॉक्टरांनी तुम्हाला धूळ बंद केली होती, त्यामुळं चारेक महिने तुम्ही दारातल्या खुर्चीवर बसून असायचा. मी बाहेरून तडा घासला, मॅट बसवली, पुट्टी केली. कामावर मी खूश होते. तेवढ्यात तुम्ही उठलात, नाणं घेतलंत, आणि तळावर वाजवत गेलात. एका जागी थांबलात.

“हितं बद्द वाजतंय. आतनं उघडून बघ. तरंगायला भरलेल्या फेसात पाणी हाय.”

मी म्हणाले, खणखणीत तर वाजतंय. तुम्ही पुन्हा वाजवलंत. “मी कानानं नाय ऐकत, बोटाला कळतंय.”

आणि मी, तुमची लेक, मालकांसमोर म्हणाले, “दादा, तुम्हाला आता ऐकू येत नाही. तुम्ही खुर्चीवर बसा.” ग्राइंडरनं तुमचे कान गेले होते हे खरंच होतं. पण ते कान कुणाच्या पोटासाठी गेले, हे मला त्या क्षणी आठवायला हवं होतं. मालकांनी मान वळवून बाहेर पाहिलं. तुम्ही नाणं खिशात टाकलंत, “व्हय, बसतो,” म्हणालात आणि बसलात. निळा रंग जुळवून आणायचा होता, म्हणून मालक गेल्यावर मी दुपारी शहरात निघून गेले. परत आले तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि तुम्ही खुर्चीवरच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मेकॅनिक इंजिन बसवून गेला. मी वरून रंग मारला आणि गाडी पैठणला गेली.

जोड टिकला. एक पावसाळा, दोन पावसाळे, थेंबभर पाणी आलं नाही. पैठणकडची कामं मला त्या एका गाडीनं मिळवून दिली. तुम्ही त्यानंतर कशालाच नाणं लावलं नाहीत आणि पुढच्या थंडीत गेलातही. आणि मी काय केलं, तर ही गोष्ट सांगत सुटले. दादांचा कान गेला होता, ते बद्द म्हणत होते आणि मी माझ्या कानावर भरवसा ठेवला, असं. तुमच्या तेराव्याला मांडवात पाहुण्यांना सांगितली. प्रेमानं सांगितली, सगळे हसलेही. आई तेवढी उठून आत गेली. मला वाटलं, तिला रडू आलं असेल.

परवा इंजिन बाहेर काढलं आणि मी बॅटरी लावून आत वाकले. पुढच्या बाजूला, माझ्या त्या जुन्या जोडाच्या बरोबर मागं, आतून एक तुकडा बसवलेला आहे. कोपरे गोल. रेझिन इतकं साफ दाबलंय की एक बुडबुडा नाही. आणि त्याच्याखाली, काचेतून दिसावी तशी, लाल पेन्सिलची रेघ. मी बोटं टेकवून मोजलं. रेघेच्या बाहेर चार बोटं. भिजलेला फेस खरवडून काढून तिथं नवा भरलेला आहे. मी रंग आणायला गेले होते त्या दुपारी, डॉक्टरांनी बंद केलेल्या धुळीत, तुम्ही आत हात घालून माझं काम वाचवलंत आणि मी यायच्या आत हात धुऊन खुर्चीवर जाऊन बसलात. मी त्या तुकड्यावर नाणं वाजवलं. खणखणीत आहे. मग तिथंच फरशीवर बसले.

काल मालक बघायला आले. आत वाकून म्हणाले, “ताई, तुमचं मागचं काम हाललंसुद्धा नाय बघा. लई पक्कं.” मी ‘हो’ म्हणाले. सोमवारी ते गाडी न्यायला येतील, तेव्हा सांगायचं ठरवलंय की ते काम माझ्या वडिलांचं होतं. वाक्य तसं लहान आहे, पण अजून एकदाही मोठ्यानं म्हणून पाहिलेलं नाही. नवा तडा मी आतून बांधलाय, रेघ मारून, चार बोटं बाहेर नेऊन. तुमच्या तुकड्याला हात लावला नाही.

हा कागद कुठं पाठवायचा नाहीच, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. वर मी असं लिहिलंय की जणू हे मला परवाच कळलं. तसं नाही. तुम्ही काम करून आलात की आई कणीक मळताना लिंबाएवढा गोळा बाजूला काढायची. जेवायच्या आधी तो गोळा तुम्ही दोन्ही हातांवरून फिरवायचा, म्हणजे कातडीत रुतलेली काचेची कुसं निघून यायची. मी हातमोजे घालायचे, मला गोळा लागत नसे. तुम्ही खुर्चीवर बसायला लागल्यापासून आईनं तो काढणंच सोडलं होतं. त्या संध्याकाळी जेवायला आले तेव्हा तुमच्या ताटाशेजारी गोळा होता, दादा, वापरलेला, काळपट पडलेला. मी तो पाहिला. तुम्ही बाही खाली ओढलीत आणि आई माझ्याकडं बघत राहिली. विचारलं असतं तर माझी चूक कबूल करावी लागली असती. मी पोळी मोडली आणि रंग किती छान जुळलाय ते सांगत बसले.