सुतळीवरचं माप

भोकरदन,
१२ जानेवारी २००३

प्रिय भुजंगभाऊ,

शेजारच्या रायभानच्या हाती पाठवलेली चिठ्ठी मिळाली, आणि तिच्यात गुंडाळलेली सुतळीही. पुढच्या महिन्यात जालन्याला बेबीनंदाची पोलीस भरती आहे, तिला पळायला कोणते बूट घ्यावेत ते कळव, तुला त्यातलं कळतं, असं लिहिलंस. तुला त्यातलं कळतं, हे मी दोनदा वाचलं. जन्मात पहिल्यांदा तू असं काही कबूल केलंस. मी वसतिगृहातल्या पोरींना सकाळी मैदानावर पळवते, त्यातल्या दोघी भरती झाल्या, आपल्या पिंपळगावात त्याची चर्चा झाली, म्हणून तुला आता बहीण आठवली. पण हे मला कुठून कळायला लागलं, ते तू खरंच विसरलास की विसरल्याचं सोंग करतोस?

आधी बुटाचं सांगते, कारण तुझ्या पोरीने माझं काही वाकडं केलेलं नाही. सुतळीने लांबी कळते, पाय कळत नाही. पंजा रुंद की अरुंद, ते सुतळी काय सांगणार? बसून माप घेतलं तर ते वेगळं येतं, उभं राहिलं की पाय पसरतो. म्हणून पोरीला दुकानात न्यायचं, तेही दिवस कलल्यावर. दिवसभर राबून पाय फुगलेला असतो आणि पळतानाही तो तसाच फुगतो. दोन्ही पायांत बूट घालून बघायचे, कारण एक पाय दुसऱ्यापेक्षा जरा मोठा असतोच. पायाच्या अंगठ्यापुढं हाताचा अंगठा आडवा बसेल एवढी जागा हवी, टाच मात्र जागची हलता कामा नये. मग दुकानासमोरच्या रस्त्यावर थोडं पळून बघायचं. लोक हसले तर हसू दे. आणि नवे बूट भरतीच्या दिवशी पहिल्यांदा घालायचे नसतात, आधी दोन-तीन आठवडे ते पायाला सरावायला लागतात.

आपल्याकडं बांगड्या भरायच्या असल्या की कासार ओसरीवर येऊन बसतो, पोरीचा हात हातात घेऊन, दाबून दाबून बघतो, दोनदा काढतो, दोनदा घालतो. तिथं कुणी सुतळी पाठवत नाही. बुटांचं आलं की मात्र पोरीने घरी बसायचं आणि तिचं माप बापाच्या नाहीतर भावाच्या खिशात बाजाराला जायचं. बाईमाणूस दुकानात पाय कसा पुढं करणार, म्हणे!

माझंही तसंच झालं होतं. अठ्ठ्याऐंशी साली मी रेणुकाईच्या देवळापासून फाट्यापर्यंत अनवाणी पळायचे. लोक नावं ठेवायचे, तू ऐकून घ्यायचास, तेवढं श्रेय मी तुझं काढून घेत नाही. भरतीचा दिवस जवळ आला तेव्हा तू मला ओसरीवर बसवलंस, टाचेपासून अंगठ्यापर्यंत सुतळी धरलीस आणि वहिनीला म्हणालास, "दोन बोटं जास्तीच बरी, पाय वाढून राह्यला तिचा." मी एकोणीस वर्षांची होते भाऊ, माझं काहीही वाढत नव्हतं. तरी जालन्याहून तू ते पांढरे कापडी बूट आणलेस तेव्हा मला आनंदाने रडू आलं. पाय आत नुसता पोहत होता. दुर्गावहिनीने लहानग्या बेबीला कडेवर घेऊन स्वतःचं जुनं लुगडं फाडलं आणि पुढच्या बाजूला चिंध्या कोंबून दिल्या.

भरतीच्या मैदानावर दुसऱ्या फेरीत त्या चिंध्यांचा बोळा होऊन बोटांखाली आला. टाच प्रत्येक पावलाला निसटत होती. तिसऱ्या फेरीत अंगठ्याचं नख उचकटलं. मी थांबून बूट काढून फेकले आणि मुरमावरून तशीच पळाले, पण तोवर मागच्या पोरी पुढं निघून गेल्या होत्या. एसटीत तू म्हणालास, "नशिबात न्हाई त्याला काय करणार. मंग पाहुण्यांना होकार कळवून टाकतो." माझ्या पायाला फडकं बांधलेलं होतं आणि तू लग्नाचं बोलत होतास. नवरा चांगला निघाला, पण त्यात तुझी काही करामत नव्हती.

त्याच दिवाळीला मी माहेरी आले, तेव्हा तू तेच बूट घालून बाहेर निघाला होतास. आत चिंधी नव्हती, काही नव्हतं. तुझ्या पायाला ते बराबर बसले होते. मी वहिनीकडं पाहिलं, तिने मान खाली घातली. सुतळी माझ्या पायाला लावली ती फक्त दाखवायला, दुकानात तू स्वतःचाच पाय पुढं केला होतास. पोरगी काही निवडली जाणार नाही, मग बूट वाया का घालवायचे, इतकाच तुझा विचार. तुला ओवाळताना दरवर्षी मला राग आला आहे, भाऊ. तुला तो कधी दिसला नाही, कारण तू कधी माझ्या तोंडाकडं बघितलंच नाहीस.

आता या चिठ्ठीतली सुतळी. मी ती माझ्या पायाला लावून बघितली. बेबी माझ्या चपला घालून हिंडते, तिच्या-माझ्या पायात फरक नाही. सुतळी दोन बोटं पुढं गेली. हे माप तुझ्या लेकाचं, धर्मराजचं आहे.

हे मी नुसत्या संशयावरून लिहीत नाही. बेबीसाठी स्थळ घेऊन आलेल्या साहेबराव पाहुण्यांना तू ओसरीवर म्हणालास, "भरतीचं एकदा होऊन जाऊ द्या, मंग उन्हाळ्यात बेबीचं उरकून टाकू. बुटाचं काय, धर्मराजला होतेत." दुर्गावहिनी आत भाकरी थापत होती, तिने ते ऐकलं. काल बाजाराचं निमित्त करून ती बेबीला इथं घेऊन आली आणि मला म्हणाली, "पुष्पाताई, तव्हा मी चिंध्या कोंबल्या, आता न्हाई कोंबायच्या." संध्याकाळी आम्ही तिघी दुकानात गेलो. बेबी रस्त्यावर पळून आली, लोक हसले, वहिनीही हसली. भरती होईपर्यंत पोरगी माझ्याकडं राहील, आणि निवड झाली नाही तरी लग्नाची बोलणी तिला विचारल्याशिवाय होणार नाहीत. वहिनी आज एसटीने परत निघाली आहे, हे पत्र तिच्याच हाती देते. तिला वाचता येत नाही म्हणून मी तिला सगळं वाचून दाखवलं आणि तिने यातलं काही काढायला लावलं नाही. तुझं वाचून होईल तेव्हा ती समोरच उभी असेल. जे बोलायचं ते मला येऊन बोल. तिच्यावर हात उचललास तर दुसऱ्या दिवशी तीही इथं येईल, आणि मग तिला न्यायला येऊ नकोस.

तुझीच, पण त्याआधी त्या दोघींची,
पुष्पा