एकहाती गाडी

बाबा, मी मोटरसायकल घेतली. छोटीच आहे, पण गिअरची. शोरूममधला माणूस फिरून फिरून मला स्कूटीपाशीच नेत होता. शेवटी म्हटलं, आमच्या शेताची वाट एकदा बघून या, मग बोला. आईनं दारात गाडी ओवाळली, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि मग म्हणाली, "पोरीच्या जातीनं फटफटी कायले घ्यावी माय?" पण नाराज नव्हती, हळदीकुंकू तिनं टाकीभर लावलं होतं.

त्या माणसानं चावी देताना बजावलं, पहिली सर्व्हिसिंग होईपर्यंत चाळीसच्या वर नेऊ नका, इंजिन सेट व्हायचं असतं. मला हसूच आलं. हे मी तुमच्या टाकीवर बसून ऐकलेलं आहे. तुमची गाडी नवी होती तेव्हा तुम्ही ती कुणाच्या हाती द्यायचा नाहीत. "गाडी एकहाती पाह्यजे. तिले आपला हात कळू द्या लागते," असं येईल त्याला ऐकवायचात. शेजारचे काका एकदा पुसदला जायला गाडी मागायला आले. नाही म्हणणं तुम्हाला जमेना आणि गाडी देणंही जमेना. "चला, मीच सोडून देतो," म्हणालात, आणि तुमच्या त्या चाळीसच्या चालीनं काकांचं काम राहून गेलं. पुढं कितीतरी दिवस ते पारावर सांगायचे, "याच्यापरीस पायी गेलो असतो तं लवकर पोहोचलो असतो!"

आणि मी मात्र टाकीवर. वाट मोकळी असली की तुम्ही माझा हात मुठीवर ठेवता, वर तुमचा हात. दोन्हीकडं कपाशी, मागून एकेक जण पुढं निघून जातोय आणि तुम्हाला त्याचं काहीच नाही. "माह्या हातानं गाडी बिघडत नाही का बाबा?" मी विचारते. "तुहा हात म्हंजे माहाच," तुम्ही म्हणता. मला तेव्हा ते अगदी सरळ, हिशोबाचं बोलणं वाटलं होतं.

तुमच्यामागं दादानं ती गाडी विकली. त्याचं चुकलं नाही, दारात उभी राहून गंजतच होती. पण तिचा आवाज गेला, बाबा. नाल्याजवळच्या वळणावर तो आला की आई हातातलं काम टाकून चहा ठेवायला उठायची. मला तो आवाज पुन्हा हवा होता. गाडी घेतली ती खरं तर त्यासाठी. वाटलं, तुमच्यासारखीच चालवली, ताणली नाही, कुणाला हात लावू दिला नाही, तर कधीतरी ही तशी बोलेल. ढाणकीला शाळेत शिकवायला जाते-येते, रोज कान देऊन. नाही बोलत. आताच्या गाड्यांना आवाजच कुठं असतो! सर्व्हिसिंग झाली त्या दिवशी परत येताना मला रडू आलं, हेल्मेट होतं म्हणून बरं.

घरी आले तर आईनं चहा ठेवलेला. आलं घालून, उकळत आलेला. मी फोनही केला नव्हता.

"तुले कसं समजलं मी आली म्हणून?"

"वळणावर आवाज नाही का आला तुह्या गाडीचा? आता वळखू येते मले." आणि साखरेचा डबा हातात घेऊन ती जराशी थांबली. "तुहे बाबा आले का अशीच उठो मी."

आम्ही दोघींनी चहा घेतला.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून सांगते. मेकॅनिक म्हणाला, इंजिन मोकळं झालंय, आता खुशाल पळवा. आईला मात्र मी सांगून ठेवलंय की अजून सेट व्हायचंय. मी चाळीसच्या वर जात नाही, बाबा. गेले की मुठीवर माझा एकटीचाच हात उरतो.