दहातले सहा

डॉक्टरबाई,

वाकून नमस्कार केला असता, पण गुडघे आता ऐकत नाहीत.

परवा तुमचं पत्र आलं. 'देशाकडून रग्बी खेळताना तुझ्या डोक्याला मार बसायचा आणि मी दर वेळी तुला परत मैदानात सोडायचे, मला माफ कर,' असं लिहिलंत. बाई, चूक तुमची नाही. मीच तुम्हाला गंडवलं.

हंगामाच्या सुरुवातीला तुम्ही दहा शब्द वाचायचात आणि आम्ही ते आठवून सांगायचो. तो आकडा तुम्ही कागदावर लिहायचात, आणि सामन्यात मार बसला की परत शब्द विचारून त्याच्याशी ताडून बघायचात. मला दहाच्या दहा यायचे, पण मी मुद्दाम सहाच सांगायचो. म्हणजे पुढे सामन्यात डोकं आपटून खरंच सहा आठवले, तरी तुमच्या कागदावर मी ठणठणीत! तुम्ही हसून म्हणायचात, "बैलोबा, डोक्यात नुसता भुसा भरलाय." बाहेर येऊन आम्ही सगळे एकमेकांना टाळ्या द्यायचो.

बायकोला यातलं काही माहीत नाही. तुमचं नाव निघालं की ती कडाडते आणि मी गप्प बसतो. खरं सांगितलं तर तो राग माझ्याकडे वळेल, आणि रोज सकाळी माझ्या शर्टाची बटणं तीच लावते. म्हणून हे पत्र खणातच राहील. भित्रा म्हणा हवं तर.

काल नव्या डॉक्टरांनी तसेच दहा शब्द विचारले. मी जीव तोडून प्रयत्न केला. चारच आले. बाहेर बायकोनं विचारलं, तेव्हा म्हटलं, "मुद्दाम कमी सांगितले गं."

तुमचा,
बैलोबा