मी न ठेवलेला हात

चि. सौ. धाकटीस,

आशीर्वाद. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तू करत नसशील, हे धरूनच विचारते आहे. भावोजींचा खोकला थांबला असावा.

आपण दोघी जावांनी जिथे शिकवण्यात जन्म घालवला, त्या शाळेचा स्मरणग्रंथ निघतो आहे. माजी विद्यार्थ्यांचे लेख तपासायचं काम संपादकांनी माझ्या गळ्यात मारलं. विषय : शाळेने मला कसं बदललं. वाचून खात्री पटली की आपल्याकडे एकही धड मूल येत नव्हतं. सगळी बुजरी, नाही तर वाया गेलेली. मग कुणीतरी एक वाक्य बोलतं आणि तिसऱ्या परिच्छेदात लेखक उजळून निघतो. (मी घसा फोडून गणित शिकवलं, त्याचा उल्लेख कुठेही नाही.) एका वकिलाला तर मधल्या सुट्टीच्या घंटेने बदललं. मी समासात ‘कसं?’ लिहिलं. संपादक म्हणाले, “बाई, हा स्मरणग्रंथ आहे, सहामाही नाही.”

मग आला तो दातांच्या डॉक्टरचा लेख. लहानपणी तो बोलताना अडखळायचा. वर्ग हसला, तेव्हा म्हणे ‘बाईंनी’ (पुढे आपलं आडनाव) खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “घाई कुणाला आहे? आम्ही थांबतो.” मी? मी हात ठेवला असता तर पोरगं घाबरून खालीच बसलं असतं.

शहानिशा करायला त्याच्या दवाखान्यात गेले. दोन दाढाही दुखतच होत्या. त्याने खुर्चीत बसवलं, तोंड उघडायला लावलं आणि मग म्हणाला, “बाई, तुमच्या त्या वाक्यावर मी बोलायला लागलो.” तोंडात आरसा असताना माणूस काय खुलासा करणार? चूळ भरल्यावर करता आला असता. केला नाही. लेखही तसाच छापायला गेला.

बाकी ठीक. व्यायाम कर.

तुझी,
मोठी जाऊ

ता. क. ते वाक्य तुझं आहे. भाजी करपेपर्यंत तू सगळ्यांसाठी अशीच थांबायचीस. आपलं आडनाव एक, चष्मे एकाच दुकानातले. त्याची गल्लत झाली. ग्रंथाच्या प्रकाशन समारंभात तो तुझ्या शेजारी बसेल. तू गप्प राहा. आजवर मला कुणी मायाळू म्हटलेलं नाही, एकदा छापून येऊ दे.

पुन्हा ता. क. अगदीच राहवलं नाही तर सांगून टाक. फक्त माझी दुसरी दाढ काढून होईपर्यंत थांब.