पिंजऱ्याचं प्रात्यक्षिक

१ डिसेंबर, रविवार

आजपासून रोजनिशी. कोणी वाचणार नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही.

मुक्ताच्या शाळेच्या ग्रुपवर मेसेज आलाय. गॅदरिंगला दुसरीच्या मुलांनी दोन-दोन मिनिटं बोलायचं. विषय, माझ्या ओळखीतला सर्वात धाडसी माणूस. मी ताबडतोब अंगठा टाकला. निकिताला म्हटलं, माझा एखादा बरा फोटो काढून ठेव, पोरीला लागेल. ती म्हणाली, आधी पोरीला विचारा. विचारलं. मुक्ता म्हणाली, अंगदमामावर बोलणार.

अंगद म्हणजे निकिताचा धाकटा भाऊ. नेवाशाकडे, प्रवरेच्या काठाला त्याचा ऊस आहे. मागच्या महिन्यात गोठ्याशी बिबट्या आला, तेव्हा याने स्टीलचं ताट उलथन्याने बडवून त्याला हाकलला. एवढंच. याला मी धाडस म्हणत नाही, भांडी वाजवणं म्हणतो.

वास्तविक बिबट्या हा माझा विषय. आख्ख्या पट्ट्यात 'बिबट्यापासून सावध' हे फ्लेक्स लागलेत, ते कोणी छापले? राहुरीच्या कानिफनाथ डिजिटलने. म्हणजे मी. मजकूर स्वतः टाईप केलाय. एवढा अभ्यास किती जणांचा असेल?

संकल्प : गॅदरिंगपर्यंत दर रविवारी मुक्ताला घेऊन शिकार. कायद्यात बसणारी. मासे, ठसे, कॅमेरा. बाप रानात दिसल्याशिवाय लेकराला बाप कळत नाही. (वाक्य चांगलं जमलंय. फ्लेक्सवर चालेल.)

३ डिसेंबर

ऑनलाईन ऑर्डर केली. खिसेच खिसे असलेलं शिकारी जाकीट, टोपी, घडीची मासेमारी काठी, होकायंत्रवाली शिट्टी. निकिता म्हणाली, होकायंत्र कशाला, माझ्या माहेरी एकच रस्ता जातो.

६ डिसेंबर

जाकीट आलं. बटणं लागत नाहीत. माप चुकीचं पाठवलंय. नंतर लक्षात आलं की असलं जाकीट उघडंच घालायचं असतं, हात मोकळे राहतात.

८ डिसेंबर, रविवार

मोहीम पहिली. मासेमारी.

स्कूटीवरून सासुरवाडीला. अंगदच्या बांधाला लागून कॅनॉलची चारी जाते, तिथे ठाण मांडलं. चारीत पाणी नव्हतं. आवर्तन अजून सुटलं नाही म्हणे. हे कोणीतरी आधी सांगायला नको का? पाटबंधारे खात्याच्या कारभाराबद्दल लिहायला बसलो तर ही डायरी पुरायची नाही.

पण खचलो नाही. मुक्ताला म्हटलं, खरे शिकारी आधी कोरड्यात सराव करतात. गळ फेकून दाखवला. समोर कुठेच दिसेना. माझ्याच जाकिटाच्या मागच्या खिशात अडकला होता. तो शोधायला मी स्वतःभोवती फिरलो, त्यात दोराही गुंडाळला गेला. मुक्ताने सोडवलं. फार शांतपणे सोडवते पोर. माझ्यावर गेलीय.

मिळकत : एक चप्पल, डावी.

सासूबाई, म्हणजे छबूबाई, म्हणाल्या, जावईबापू, मासं पायजे हुतं तर सांगायचं, बाजारातनं आनलं आस्तं.

निघायच्या आधी मुक्ताने मामाबरोबर बांधावर मुंगूस पाहिलं. रस्ताभर मुंगूसच. मुंगूस मी पुढच्या आठवड्यात दाखवणारच होतो.

१५ डिसेंबर, रविवार

मोहीम दुसरी. ठसे.

हार्डवेअरच्या दुकानातून पीओपीची, म्हणजे प्लास्टरची, पिशवी नेली. उसाच्या कडेला ओल्या मातीत ठसा सापडला. ताजा. टोपी नीट केली. मुक्ताला मागे उभं केलं, शिट्टी हातात दिली, पीओपी कालवून ओतलं. साचा अप्रतिम निघाला. लगेच फोटो काढून अंगदच्या गावच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'पूर्ण वाढ झालेला नर. घाबरू नका. मी इथेच आहे.'

मुक्ता म्हणाली, पप्पा, याला नखं दिसतायत. बिबट्याची नखं ठशात दिसत नसतात. विचारलं, तुला कोणी सांगितलं. म्हणाली, तुमच्याच फ्लेक्सवर लिहिलंय.

ठसा मोत्याचा निघाला. मोत्या म्हणजे ऊसतोडीच्या टोळीतला कुत्रा. टोळीतला वाल्मिक त्याला धरूनच घेऊन आला आणि पाय साच्यात बसवून दाखवला. चांगला बसला. याची काही गरज नव्हती.

तरी एक गोष्ट सिद्ध झाली. माझा फ्लेक्स मुलं वाचतात.

१६ डिसेंबर

पीओपी खिशात सांडलं होतं. जाकिटाचे दोन खिसे कायमचे बंद. निकिता म्हणते, बरं झालं, तेवढी टापटीप. मुक्ता अजून मामावरच बोलणार म्हणते. वेळ थोडा आहे.

१९ डिसेंबर

अंगदचा फोन. उसाच्या कडेला वनखात्याने पिंजरा लावलाय. आत मागच्या जाळीच्या कप्प्यात आमिष म्हणून सासूबाईंचीच एक कोंबडी.

मी फोन ठेवला. संधी अशीच येते. पिंजऱ्याशेजारी मी, हातात माहिती, समोर माझी मुलगी, वर व्हिडिओ. निकिताला एवढंच सांगितलं, की रविवारी मुक्ताला शैक्षणिक सहलीला नेतोय. तिने विचारलं, पिंजऱ्यापाशी जाणार नाही ना. मी म्हटलं, पिंजरा लांबून बघणार. त्या वेळी तसंच ठरलेलं होतं.

२२ डिसेंबर, रविवार. सकाळी

निघालो. जाकीट, टोपी, शिट्टी. मुक्ताच्या खिशात शेंगदाणे. हवा छान. आजचा दिवस लक्षात राहील.

२२ डिसेंबर. संध्याकाळी

लिहायची इच्छा नाही.

२३ डिसेंबर, सोमवार

गावच्या ग्रुपवर वाट्टेल ते फिरतंय, म्हणून एकदा सरळ नोंद करून ठेवतो.

पिंजऱ्याशी आम्ही दुपारी पोचलो. भरदिवसा. बिबट्या दिवसा झोपतो, हे मला पाठ आहे. मोबाईल उसाच्या बुडख्याला टेकवून व्हिडिओ चालू केला आणि मुक्ताला यंत्र समजावून सांगितलं. बिबट्या कोंबडीच्या ओढीने आत जातो, फळीवर पाय पडतो, फळी दबते, दार पडतं. मुक्ता म्हणाली, नाही कळलं. पुन्हा सांगितलं. मग ती म्हणाली, पप्पा, तुम्ही बिबट्या व्हा.

आता शिक्षणाचा नियमच आहे, की प्रात्यक्षिकाशिवाय मुलांना कळत नाही. मी आत्महत्या करायला गेलो नव्हतो, पूर्ण विचार केला होता. फळी बिबट्यासाठी बसवलेली. बिबट्या पन्नास-साठ किलोचा. मी ब्याण्णव. म्हणजे हे यंत्र माझ्या मापाचं नाहीच, माझ्यावर ते चालण्याचा प्रश्न येत नाही. या हिशोबात चूक काय आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

चारी पायांवर आत गेलो. थोडा गुरगुरलो. दार पडलं.

मुक्ताने टाळ्या वाजवल्या. म्हणाली, आता कळलं, या बाहेर.

दार आतून उचलत नाही. बाहेरून दोन माणसं लागतात. मुक्ताने बाहेरून जोर लावला, मी आतून. जाकिटाची शिवण उसवली, दार हललं नाही. मग मी म्हटलं, जा, पळत जा मामाकडे. ती निघालीसुद्धा. दोन्हीकडे ऊस, मध्ये ती पायवाट, आणि मुक्ताची ती एवढीशी पाठ. तेव्हा माझं डोकं ठिकाणावर आलं. मी आत होतो. मुक्ता बाहेर होती. बिबट्यासुद्धा बाहेर होता. मी तिला एवढ्या मोठ्याने हाक मारली की घसा अजून दुखतोय. म्हटलं, जाऊ नकोस, पिंजऱ्याच्या वर चढ, वरच बस, खाली उतरायचं नाही. आख्ख्या शिवारात सगळ्यात सुरक्षित माणूस मी होतो, आणि एवढी भीती मला जन्मात वाटलेली नाही. (हे नंतर खोडायचं.)

ती मोबाईल घेऊन वर बसली. मोबाईलचं लॉक उघडायचा माझा पॅटर्न तिला माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं. अंगद फोन उचलेना, ट्रॅक्टरवर होता. ती पुन्हा पुन्हा लावत राहिली. मधल्या वेळात जाळीतून कोंबडीला शेंगदाणे टाकले. तिचं नाव ठेवलं, ठिपकी. मलाही शेंगदाणे हवेत का असं विचारलं, पण तेव्हा माझं लक्ष उसाकडे होतं. ऊस सळसळत होता. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. मुक्ताने वरून काढलेल्या व्हिडिओत आहे. डिलीट केलाय.

उसातून मोत्या आला. मला बघून भुंकायला लागला आणि शेवटपर्यंत थांबला नाही.

मग अंगद आला, ताट आणि उलथनं बडवत. त्याच्यामागे सगळी टोळी, सगळ्यांच्या हातात मोबाईल. अंगदने आणि वाल्मिकने दार उचललं. अंगद म्हणाला, दाजी, भायेर या सावकाश, घाबरू नका. मी घाबरलो नव्हतो, पायाला मुंग्या आल्या होत्या. सासूबाई मागून आल्या. म्हणाल्या, कोंबडी बरी हाय ना? मग मुक्ताला पोटाशी धरलं. मग माझ्याकडे बघितलं. मग जाकिटाकडे. ते जास्त लागलं.

ग्रुपवर फोटो फिरतोय, 'अखेर जेरबंद'. चेहरा नीट दिसत नाही. जाकीट दिसतं.

निकिता दोन दिवस बोलणार नाही असं दिसतंय. तिचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. मुक्ता पुढच्या वेळी माझ्याबरोबर रानात जाणार नाही, हे तिने ठरवून टाकलंय. मी म्हटलं, मी पण ठरवलंय.

२५ डिसेंबर

मोठी बातमी. मुक्ताने भाषण बदललं. मामावर नाही. कोणावर, ते सांगत नाही, वहीवर हात धरून लिहिते. मघाशी मला विचारलं, पप्पा, पिंजरा लोखंडाचाच असतो ना.

म्हणजे झालं. पिंजऱ्यात कोण होतं? आतल्या आत ठरवलं असणार पोरीने. एवढ्या संकटात बाप डगमगला नाही, सूचना देत राहिला, हे लेकरांना कळतं. ती लहान आहे, पण तिला नजर आहे. दिवसभर दुकानात गिऱ्हाईकाशी नीट बोलणं झालं नाही. खरं सांगायचं तर डोळ्यात पाणी आलं.

रात्री दुकान बंद केल्यावर एक फ्लेक्स डिझाईन केला. मी, जाकिटात, मागे डोंगर. खाली, 'निर्भीड पिता गहिनीनाथ'. सहा बाय चार. मजबूत मटेरियल. निकिता (बोलायला लागली आहे) म्हणाली, भाषण होईपर्यंत गुंडाळूनच ठेवा.

२८ डिसेंबर, शनिवार

गॅदरिंग. आम्ही तिसऱ्या रांगेत. फ्लेक्स पायाशी. शाळेचे शिपाई श्रीमंतभाऊ यांच्याशी आधी बोलून ठेवलं होतं, टाळ्या सुरू झाल्या की एक टोक त्यांनी धरायचं.

मुक्ता आली. वेणीला लाल रिबीन. जराही अडखळली नाही. म्हणाली, माझ्या ओळखीतला सर्वात धाडसी माणूस माणूस नाही, कोंबडी आहे. तिचं नाव ठिपकी. तिला बिबट्यासाठी पिंजऱ्यात ठेवलं होतं, तरी ती रडली नाही. माझे पप्पा पिंजऱ्यात अडकले तेव्हा ते रडत होते. ते सारखे म्हणत होते, मुक्ता वर बस, मुक्ता खाली उतरू नको. ठिपकी त्यांच्या शेजारी बसून राहिली. तिने त्यांना सोबत केली. म्हणून मला ठिपकी आवडते.

सभागृह हसून हसून लोळलं, मग टाळ्या. भरपूर. कोंबडीला.

श्रीमंतभाऊंना टाळ्यांचाच इशारा दिलेला. त्यांनी टोक धरून उभं राहायला सुरुवात केली. मी दुसऱ्या टोकावर पाय दिला. फक्त 'निर्भीड' एवढंच उलगडलं, ते मागच्यांना दिसलं असेल असं वाटत नाही. निकिताने माझा हात धरला होता. हसत होती की काय ते बघितलं नाही.

घरी येताना मुक्ताला सहज विचारलं, दुसरा नंबर कोणाचा. मामा. तिसरा? थोडा विचार केला. मोत्या. चौथा विचारला नाही.

३१ डिसेंबर

बिबट्या नदीपलीकडच्या गावात दिसला म्हणे. पिंजरा तिकडे हलवला. नवीन वर्षाचा संकल्प केलेला नाही.

५ जानेवारी, रविवार

सासुरवाडी. ठिपकीला पुन्हा कधी आमिषाला द्यायचं नाही, असं मुक्ताने आजीकडून कबूल करून घेतलंय. अंगदने तिच्यासाठी नवीन खुराडं बांधलं. थंड वारं लागू नये म्हणून एका बाजूने फ्लेक्स ठोकलाय. माझा. निकिताने दिला.

आधी राग आला. मग अंगदने समजावलं. म्हणाला, दाजी, मुद्दाम तोंड भायेरच्या अंगाला ठिवलंय, बिबट्या आलाच तर तुमाला बघून मागं फिरंल. हे मला पटलं. म्हणजे शेवटी रात्रीच्या पहाऱ्याला मीच. लांबून बघितलं, उजेडात जाकीट खरंच भारी दिसतं. सासूबाईंनाही दाखवलं. त्या म्हणाल्या, लई झ्याक.

संध्याकाळी निघताना पाहिलं तर फ्लेक्स उलटा. चेहरा आत, खुराड्यात. मुक्ताने मामाला सांगून फिरवून घेतला होता. मी विचारलं, का गं. म्हणाली, पप्पा, बाहेर रात्री तुम्हाला भीती वाटेल. आत ठिपकी आहे सोबतीला.

तसाच राहू दिला.