लाल कुलपाची चावी

बाबा, उद्या तुमचं पुण्यानुमोदन आहे आणि मी घरी येणार नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण आई अजून दर वर्षी सगळ्यांना बोलावते, विहारात वंदना होते, मग आपल्या अंगणात जेवणं. महाडहून पोलादपूर ते काय लांब, एसटीत डुलकी लागायच्या आत येतं. तरी येणार नाही. कारण आईला सांगण्यासारखं नाही. तुम्हाला सांगता येईल, कारण तुम्ही उभा जन्म केमिकलच्या कंपनीत काढलात, आणि मी ज्या हॉस्पिटलात इन्चार्ज सिस्टर आहे तिथे गेल्या महिन्यात जे झालं, ते तुम्हाला फार समजावून सांगावं लागलं नसतं.

आमच्या वॉर्डात कुडपणची एक बाई होती. न्यूमोनिया झालेला, पण उतारावर होता, दुसऱ्या दिवशी घरी सोडणार होतो. दुपारच्या इंजेक्शनची वेळ. ते औषध पावडरीत येतं, पाण्यात विरघळवून शिरेतून द्यायचं. त्या पाण्याची प्लास्टिकची छोटी बाटली असते आणि त्याच ट्रेमध्ये पोटॅशियमचीही असते. पोटॅशियम मोठ्या सलाइनमध्ये मिसळून थेंबाथेंबाने द्यायचं असतं, थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं. पूर्वी ते काचेत यायचं. मग हॉस्पिटलच्या मालक डॉक्टरांनी पुरवठादार बदलला आणि ते पाण्यासारख्याच बाटलीत यायला लागलं. तोच आकार, तसंच आरपार दिसणारं, अक्षरंही तेवढीच बारीक. माझ्याबरोबर नोकरीला लागलेली माझी मैत्रीण, वरंधची, माझ्याहून कितीतरी शांत हाताची सिस्टर. तिने ट्रेमधली बाटली उचलली. बाई बोलता बोलता गेली. आम्ही सगळे धावलो, छाती दाबून दाबून डॉक्टरांचे हात भरून आले, काही उपयोग झाला नाही. बाहेर तिचा नवरा उभा होता. मला म्हणाला, "ओ बाई, सकाळी तर बरी व्हती ती. चा प्याली, माज्याशी बोलली. आनि आता नाय म्हणता?" मी इन्चार्ज आहे, अशा वेळी काय बोलायचं ते मला पाठ असायला हवं. मी त्याच्यासमोर नुसती रडत उभी राहिले.

त्या दिवसापासून मला सारखं आपलं स्वयंपाकघर दिसतंय. मी शाळेतून येते, दप्तर टाकते आणि मोरीजवळच्या फळीवरची पाण्याची बाटली उचलते. झाकण फिरवते तोच वास तुम्हाला माझ्याआधी येतो. तुम्ही ताटावरून उठून बाटली माझ्या हातातून हिसकावून घेता. आत मोरी धुवायचं ॲसिड. आई माझ्यावरच धावून येते, "डोळे फुटले काय गो तुजे? दिसत नाय?" आणि तुम्ही, कधी नव्हे ते, तिच्यावर आवाज चढवता. "तिला वरडू नको. पाण्याच्या बाटलीत ॲसिड ठेवलं कुनी, ते बोल." आई तरी काय कमी होती! "घरात पन कंपनी चालवायची हाय काय तुमाला?" तुम्ही ॲसिड ओतून दिलंत, बाटली पायाखाली चेचलीत आणि अर्ध्या ताटावरून तसेच बाहेर जाऊन बसलात. मला तेव्हा आईचंच पटलं होतं. एका बाटलीवरून एवढा तमाशा कशाला, असं वाटलं होतं.

मग तो दिवस, कंपनीने घरच्यांना आत बोलावलं होतं तेव्हाचा. बाकीच्या पोरी सामोसे खात होत्या आणि तुम्ही मला टँकर रिकामे होतात तिथे घेऊन गेलात. ॲसिडचा पाइप माझ्या हातात दिलात आणि कॉस्टिकच्या टाकीचं तोंड दाखवलंत. "बसव बघू." मी बसवायला गेले, बसेना. "जोर लाव." लावला, हात लाल झाले, तरी बसेना. तुम्ही हसत होतात. "नाय बसनार. झोप आली असली, बायकोशी भांडून आला असला, तरी नाय बसनार. मानसावर भरवसा ठेवू नये गो, पाइपावर ठेवावा." येताना बसस्टॉपवर मात्र हसू गेलं होतं. पूर्वी दोन्ही तोंडं सारखी होती म्हणालात. एकाने चुकून जोडला, कॉस्टिकमध्ये ॲसिड पडताच सगळं उकळून उसळलं आणि तुमच्या दोस्ताचा चेहरा भाजला. जोडणाऱ्याला कामावरून काढलं. त्याच्या जागी नवा माणूस आला आणि त्यानेही तेच केलं. तेव्हा कुठे साहेबांच्या डोक्यात उजेड पडला. तुमची कंपनी काही साधुसंतांची नव्हती, बाबा. मागच्या नाल्याला काय रंगाचं पाणी यायचं ते मी पाहिलंय, आणि त्यावर तुम्ही चकार शब्द काढला नाहीत तेही माझ्या लक्षात आहे. पण दोन माणसं होरपळल्यावर का होईना, ती तोंडं बदलली.

हेच मी मीटिंगमध्ये सांगितलं. मालक डॉक्टर म्हणाले, "इतकी वर्षं काम केलेल्या बाईला लेबल वाचता येत नाही?" मी म्हटलं, येतं, म्हणूनच म्हणते की दोष एकट्या तिचा धरू नका. पोटॅशियम ट्रेमधून काढा, कुलपात ठेवा, दोघींनी बघितल्याशिवाय ते बाहेर येऊ नये असा नियम करा. "घाईच्या वेळी चावी शोधत बसायचं?" मी म्हटलं, ते घाईत द्यायचं औषधच नाही. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "हे हॉस्पिटल आहे सिस्टर, तुमच्या वडिलांची फॅक्टरी नव्हे." एरवी आईची आठवण येऊन मला हसू फुटलं असतं.

मैत्रिणीला काढलं. वॉर्डात पाटी लागली, लेबल वाचल्याशिवाय औषध देऊ नये. प्लास्टिकचं आवरण घालून चांगली चिकटवली आहे. आणि पाटीखालच्या ट्रेमध्ये दोन्ही बाटल्या होत्या तशाच शेजारी शेजारी. मैत्रीण आपला डबा आणि चपला घ्यायला आली तेव्हा कोणी तिच्याकडे बघेना. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मी वाचलं होतं गो. पाणीच वाचलं." आता ती घरी बसून असते. तिच्या पोलीस जबाबाचं काय होणार, कोणालाच माहीत नाही. फोन केला की तिची सून उचलते.

मी अलिबागला नर्सिंगला निघाले तेव्हा ट्रंकेला लावायला तुम्ही तुमचं कंपनीतलं लाल कुलूप दिलं होतंत. मशीनमध्ये हात घालण्याआधी बटण बंद करून त्याला आपलं कुलूप लावायचं, चावी आपल्याच खिशात, दुसऱ्या कोणी ते काढायचं नाही. ते मी शोधून काढलं. सगळ्या ट्रेमधलं पोटॅशियम गोळा केलं, स्टीलच्या कपाटात ठेवलं आणि तुमचं कुलूप लावलं. कोणाला विचारलं नाही. मालक डॉक्टरांनी ते पाहिलं आणि राउंडला पुढे निघून गेले. ज्याला लागेल त्याच्या सलाइनमध्ये मीच मिसळून देते, दुसरी सिस्टर शेजारी उभी करून. हॉस्पिटलच्या मागेच राहते, अवेळी लागलं तर हाक मारतात. पण तुमच्याकडे कुलूप एकेकाचं असलं तरी नियम सगळ्या कंपनीचा होता. इथे कुलूपही माझं आणि नियमही माझाच. मी दिवसभर गावाला गेले तर कोणीतरी कडी उचकटेल आणि संध्याकाळपर्यंत त्या बाटल्या पुन्हा ट्रेमध्ये येतील.

हा कागद घडी करून ॲप्रनच्या खिशात चावीबरोबर ठेवते आहे. आईला कळवलंय की रजा मिळाली नाही. खरं म्हणजे मी मागितलीच नाही. जिच्या हातात चावी देऊन निर्धास्त आले असते, तिला आम्ही काढून टाकलं.